दुधी पांढरा

सकाळचं पहिलं काम,
पांढरं म्हणजे काय ते यंत्राला सांगायचं.
मखमलीच्या पेटीतून टाइल काढते,
कडेनं धरते, फुंकर मारत नाही,
तोंड टेकवते, टिक्.
मग काळी डबी: अंधार म्हणजे काय. टिक्.
आता या दोन टोकांमधलं सगळं
संध्याकाळपर्यंत त्याला कळणार.

रबाळ्याच्या या शेडमध्ये
श्रीखंडाच्या डब्यांची झाकणं पडतात,
दर आठ सेकंदांनी सोळा.
पडल्या पडल्या मोजायची नाहीत.
वीस मिनिटं निवू द्यायची,
गरम प्लास्टिक वेगळाच आकडा देतं.

यंत्र नव्हतं तेव्हा हिराजी मढवी होते.
ऐरोलीच्या बाजूचं, उत्तरेचं दार उघडायचे,
झाकण हातभर लांब धरायचे,
"चिमूटभर नील टाका रे," म्हणायचे.
मूळ नमुना कधीच हरवला होता.
गिऱ्हाइकाचा दुधी पांढरा
एका माणसाच्या डोळ्यात ठेवलेला होता.

मला सांगितलं, जुने नमुने मोज.
अकरा वर्षांच्या पिशव्या,
दर महिन्याचं एक झाकण,
बॉलपेननं तारीख, अक्षर हिराजींचं.
तीन रात्रपाळ्या मोजत बसले.

बी म्हणजे पिवळं की निळं.
पहिल्या पिशवीत अधिक दोन.
चौथ्या वर्षी अधिक एक पूर्णांक चार.
मग शून्याला हळूच ओलांडून
पलीकडे,
उणे, अजून उणे.
एकाही महिन्यात उडी नाही.
ओळ अशी उतरत गेलेली
की कुणी रोज एकच पायरी खाली यावं.

मी आधी टायटॅनियमच्या पोत्यांवर संशय घेतला.
मग पुरवठादारावर, मग बॅरलच्या तापमानावर.
मग आठवलं,
ते उंबऱ्याला दोनदा ठेचकाळले होते.
मला गेटच्या दिव्याखाली विचारलं होतं,
कोन गं तू.

डोळ्यात पिवळं साचत होतं
आणि ते झाकणातून काढत होते.
चिमटी चिमटीनं. अकरा वर्षं.

फॉर्मवर एक रकाना आहे: विचलनाचं कारण.
मी लिहिलं, संदर्भ नमुना जुना झाला.
खोटं नव्हतं.
सुनेला मात्र फोन केला.

वाशीला ऑपरेशन झालं.
महिन्याने आले, काळा चष्मा कपाळावर,
टेबलावरचं झाकण उचललं,
दारात गेले, लगेच परत आले.
"ह्यो येवरा निला कोनी केला गं बाय?"

मी शीतपेटीवरच्या नोंदी बघत राहिले.
त्यांनी पिशवी उलटी केली, तारीख वाचली.
स्वतःचं अक्षर ओळखायला
माणसाला किती वेळ लागतो
ते मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही.
बाहेर कुणीतरी फोर्कलिफ्ट मागे घेत होतं,
तिचं बीप बीप संपेपर्यंत ते बोलले नाहीत.

मग हसलेच.
"घरची भित पन निली निंगाली.
आनी बायकोचं क्यास पांढरं झालंन,
सांगला नाय कोनी."

खिशातून कागदाची पुडी काढली.
आत एकच केस, कंगव्यातला, लांब.
"याचा आकरा सांग."

एका केसानं आठ मिलिमीटरची खिडकी भरत नाही.
मागे जे असेल तेच मोजलं जातं.
हे त्यांना समजावता आलं असतं.
मी टाइल पुन्हा पेटीतून काढली,
केस तिच्यावर आडवा ठेवला,
श्वास धरून तोंड टेकवलं.

टिक्.

डेल्टा ई, शून्य पूर्णांक एक.

"पास," मी म्हटलं.
त्यांनी पुडी परत बांधली,
आधीच्या घड्यांवरूनच.